बंद पडलेलं जुनं आर्केड मशीन: प्लग लावण्याआधीपासून मागचं दार लावेपर्यंत

नाणं टाकून खेळायचं जुनं आर्केड मशीन हाती आलं की पहिला मोह होतो तो प्लग लावून बघण्याचा. तो आवरा. पंधरा-वीस वर्षं कोपऱ्यात उभ्या असलेल्या मशीनच्या पोटात काय झालंय ते बाहेरून कळत नाही. कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे डबे) वाळलेले असतात, उंदरांनी वायरींचं आवरण कुरतडलेलं असतं, कधी काळी घाईत कुणीतरी फ्यूजच्या जागी नुसती तार गुंडाळलेली असते. अशा मशीनला थेट वीज दिली तर पहिल्या दोन-तीन सेकंदांत खेळाचा बोर्ड जळू शकतो, नाहीतर मॉनिटर. हे दोन्ही भाग पुन्हा मिळवणं सगळ्यात कठीण.

म्हणून मी कामाचा क्रम विजेच्या वाटेने ठेवतो: प्लग, ट्रान्सफॉर्मर, पॉवर सप्लाय, मॉनिटर, बोर्ड, बटणं. एक टप्पा मीटरने मोजून खात्री झाली की मगच पुढचा जोडायचा. लाकूड आणि रंग सगळ्यांत शेवटी. बरेच जण उलट करतात. आधी कॅबिनेट चकचकीत करतात आणि मग आतलं काम काढतात. त्यात चार वेळा मॉनिटर आत-बाहेर करताना ताजा रंग खरवडला जातो.

हत्यारं फार लागत नाहीत. चांगला डिजिटल मल्टिमीटर, तापमान कमी-जास्त करता येणारं सोल्डरिंग आयर्न, सोल्डर ओढून घेणारा पंप, बारीक सोल्डर, फ्लक्स, आयसोप्रोपिल अल्कोहोल, भिंग आणि प्रखर टॉर्च. शिवाय मदतीला एक माणूस. उभ्या कॅबिनेटचं वजन शंभर किलोच्या घरात जातं, आणि त्यातलं बरंचसं वरच्या पुढच्या भागात, मॉनिटरमध्ये असतं. ते पुढे कलंडलं की एकट्याला सावरत नाही.

आधी नुसतं बघायचं

किल्ली नसेल तर नाणं परत येण्याच्या खाचेत बोटं घालून बघा. किल्ली तिथे टाकून ठेवायची सवय अनेकांना असते. नाहीच सापडली तर कुलपाच्या मधोमध ड्रिल मारून ते काढा. कुलूप नवं मिळतं. पहारीने वाकवलेलं दार पुन्हा नीट बसत नाही.

दार उघडल्यावर काहीही ओढू नका. प्रत्येक कनेक्टरचा दोन बाजूंनी फोटो काढा आणि काढण्याआधी त्याला चिठ्ठी लावा. आत उंदरांची लेंडी किंवा घरटं असेल तर कोरडं झाडू नका, त्याची धूळ श्वासातून जाणं धोक्याचं असतं. मास्क आणि हातमोजे घालून, जंतुनाशकाने ओलं करून, मग कागदाने उचला. तळाशी पडलेला प्रत्येक स्क्रू, वॉशर, नाणं एका डबीत ठेवा. कॅबिनेटच्या आतल्या भिंतीला पाकीट ठोकलेलं असेल तर त्यात बहुतेक सर्किटचे नकाशे आणि मॅन्युअल असतं. पेन्सिलीने लिहिलेल्या दुरुस्तीच्या नोंदी, तारखा, अनुक्रमांकाची चकती यांतलं काहीही पुसू नका, काढू नका. एकाच ठिकाणी तीनदा फ्यूज बदलल्याची नोंद असेल, तर दोष कुठे शोधायचा ते तिथेच लिहिलेलं आहे.

आत काय आहे ते ओळखा. मॉनिटरच्या सांगाड्यावर कंपनी आणि मॉडेलचं लेबल असतं: वेल्स-गार्डनर के४६००, के७०००, इलेक्ट्रोहोम जी०७ ही नावं वारंवार भेटतील. बोर्ड त्याच खेळाचा आहे का तेही बघा. जुन्या खेळाची कमाई घटली की मशीनं लावून धंदा करणारे त्याच कॅबिनेटमध्ये नवा खेळ बसवत, बाजूंना काळा रंग मारत आणि वरचं नाव बदलत. त्यामुळे बाहेरून एक आणि आतून दुसरंच असलेली मशीनं खूप आहेत. बोर्ड, मॉनिटर आणि कॅबिनेट या तिन्हींची मॅन्युअलं मिळवल्याशिवाय पुढे जाऊ नका. त्या काळच्या कंपन्यांनी ती फार तपशिलात लिहिली आहेत.

वीज: प्लगपासून बोर्डाच्या टोकापर्यंत

पहिली नजर वायरीवर. अर्थिंगची तिसरी पिन कापलेली आढळणं इतकं नेहमीचं आहे की मी ती कापलेलीच असेल असं धरून चालतो. वायर कडक झाली असेल, तडे असतील, तर ती सरळ बदला आणि तीन तारांचीच घ्या. अर्थची तार नाण्याच्या दारापर्यंत, कंट्रोल पॅनेलच्या पत्र्यापर्यंत आणि मॉनिटरच्या सांगाड्यापर्यंत पोचलीच पाहिजे. खेळणाऱ्याचा हात याच धातूंना लागतो. प्लगच्या अर्थ पिनेपासून दारापर्यंत मीटर लावा. वाचन एका ओमच्या आत यायला हवं.

मग मशीन किती व्होल्टचं आहे ते बघा. जपानी बनावटीचं असेल तर १००, अमेरिकी असेल तर ११० ते १२०, इतरत्र २२० ते २४०. अनेक ट्रान्सफॉर्मरांना वेगवेगळ्या व्होल्टेजच्या वायरी काढलेल्या असतात आणि कोणती जोडायची ते लेबलवर किंवा मॅन्युअलमध्ये असतं. तशी सोय नसेल तर बाहेरून पुरेशा वॅटचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावा, पण तो लावताना अर्थ तुटणार नाही हे तपासा.

फ्यूज एकेक करून बाहेर काढा आणि टोपीवरचा आकडा मॅन्युअलशी जुळवा. ३ अँपिअरच्या जागी १० चा फ्यूज दिसला तर कुणीतरी दोष न शोधता फ्यूज वाढवत गेलंय हे समजा. काच आतून चंदेरी-काळी झाली असेल तर पुढे शॉर्ट आहे. तार नुसती मधून तुटलेली असेल तर कदाचित फ्यूज वयानेच गेला असेल.

आता मॉनिटर, बोर्ड, दिवे सगळ्यांचे कनेक्टर काढा आणि फक्त ट्रान्सफॉर्मरला वीज द्या, तीही सिरीज बल्बमधून. जुने रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे वापरायचे तीच युक्ती: फेज तारेच्या वाटेत ६० किंवा १०० वॅटचा तारेचा बल्ब लावायचा, एलईडी चालत नाही. शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि मशीनचं काही जळत नाही. सगळं ठीक असेल तर तो क्षणभर चमकून मंद होतो. मंद झाला की थेट वीज द्या आणि ट्रान्सफॉर्मरची प्रत्येक बाहेरची जोडी मोजून मॅन्युअलमधल्या आकड्याशी पडताळा.

पुढे सप्लाय. जुन्या लिनिअर सप्लायमध्ये एक-दोन भलेमोठे फिल्टर कपॅसिटर असतात. अटारीच्या मशीनांतल्या तशा निळ्या डब्याला जाणकार 'बिग ब्लू' म्हणूनच ओळखतात. इतक्या वर्षांनी तो बदलणंच शहाणपणाचं. मायक्रोफॅरडचा आकडा तोच, व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त, आणि धन-ऋण टोकं दोनदा तपासून. स्विचिंग सप्लाय असेल तर त्यावर एक छोटी खुंटी असते, तिने ५ व्होल्ट कमी-जास्त होतात. बोर्ड जोडण्याआधी ती सगळ्यांत खाली आणून ठेवा.

५ व्होल्ट मोजायचे कुठे, इथे नवखे चुकतात. सप्लायच्या टोकाला ५.०५ दिसतं आणि तरी बोर्ड धड चालत नाही, कारण वाटेतल्या कळकट कनेक्टरमध्ये अर्धा व्होल्ट खाल्ला जातो. मोजायचं ते बोर्डावरच्या चिपवर. ७४ मालिकेच्या १४ पिनांच्या बहुतेक चिपमध्ये ७ नंबरची पिन ग्राउंड आणि १४ नंबरची ५ व्होल्ट. तिथे ५.०० ते ५.१० आलं पाहिजे. ४.७५ च्या खाली खेळ मध्येच अडकतो, ५.२५ च्या वर गेलं की चिपला धोका. वाटेतली घट भरून काढायला सप्लायची खुंटी पिळत बसू नका, कनेक्टर दुरुस्त करा.

सगळ्या बोर्डांना तयार ५ व्होल्ट लागतात असंही नाही. मिडवेच्या 'पॅक-मॅन'च्या बोर्डाला ट्रान्सफॉर्मरमधून एसीच येतो आणि त्याचे ५ व्होल्ट बोर्डावरच तयार होतात. एवढा प्रवाह कडेच्या कनेक्टरमधून जातो म्हणून त्या मशीनात तो कनेक्टर तपकिरी-काळा जळालेला सापडतो. जळालेली पिन घासून चमकवली तरी तिचा ताण गेलेला असतो, ती पुन्हा तापते. पिना नव्या, दाबून बसवायच्या योग्य चिमट्याने. बोर्डाच्या कडेवरच्या पट्ट्या खोडरबराने हलक्या घासून अल्कोहोलने पुसा.

जॅमा हे जपानी आर्केड मशीन उत्पादकांच्या संघटनेचं नाव होतं. तिने १९८० च्या दशकाच्या मध्यात ५६ संपर्कांचा एकच कनेक्टर ठरवून दिला. तुमचं मशीन त्या पद्धतीचं असेल तर कोणत्या पिनेवर काय येतं ते ठरलेलं असतं आणि काम सोपं होतं. त्याआधीच्या मशीनांत प्रत्येक कंपनीची, कधी प्रत्येक खेळाची जोडणी निराळी.

पिक्चर ट्यूब: इथे घाई म्हणजे जिवाशी खेळ

रंगीत पिक्चर ट्यूबच्या पाठीवर रबरी टोपीखाली जे टोक असतं त्यावर मशीन चालू असताना वीस हजार व्होल्टच्या पुढे दाब असतो. ट्यूब स्वतःच मोठ्या कपॅसिटरसारखी वागते, त्यामुळे प्लग काढल्यावरही तो भार आत साठून राहू शकतो. मॉनिटरला हात लावण्याआधी तो उतरवायचाच, दर वेळी, कालच उतरवला असला तरी.

प्लग भिंतीतून काढून डोळ्यांसमोर ठेवा. घड्याळ, अंगठी काढा. लांब दांड्याच्या चपट्या स्क्रूड्रायव्हरच्या धातूला क्लिपची वायर लावा आणि तिचं दुसरं टोक ट्यूबच्या पाठीवरून गेलेल्या उघड्या, विणलेल्या ग्राउंड तारेला. आधी हे टोक पक्कं करायचं, मगच पुढे. एक हात पाठीमागे घ्या. दुसऱ्या हाताने फक्त प्लॅस्टिकची मूठ धरून टोक रबरी टोपीखाली सरकवत मधल्या धातूच्या कडीला टेकवा. कधी 'टक्' असा आवाज येतो, कधी काहीच नाही. काही मिनिटं थांबून पुन्हा एकदा करा, कारण काचेत मुरलेला थोडा भार परत वर येतो. सर्किटमधल्या मोठ्या फिल्टर कपॅसिटरवरही व्होल्टेज उरतं, तेही मीटरने तपासा. अंगावरची वीज घालवणारा मनगटी पट्टा बोर्डासाठी चांगला, पण मॉनिटरजवळ तो काढून ठेवा. तो तुम्हाला थेट अर्थशी जोडतो. आणि ट्यूबची मान बारीक काचेची असते. एक हलका धक्का, हवा शिरल्याचा सुस्कारा, आणि ट्यूब गेली.

सर्किटचा पत्रा बाहेर आला की आधी भिंग. कनेक्टरच्या खिळ्यांभोवती, मोठ्या ट्रान्सफॉर्मरच्या पायांशी, मानेवरच्या छोट्या बोर्डावर बघा. सोल्डरचा थेंब वरवर धडधाकट दिसतो, पण टॉर्च तिरका धरला की पिनेभोवती केसाएवढं काळं वर्तुळ दिसतं. बोटाने पिन हलवली तर ती त्या वर्तुळात किंचित हलते. हा ड्राय सोल्डर. गरम-गार होत वर्षानुवर्षं तिथला सांधा सुटलेला असतो, आणि मशीनला थाप मारली की चित्र येतं त्याचं कारण बहुतेकदा हेच. जुनं सोल्डर पंपाने ओढून नवं भरा. नुसतं वरून तापवू नका.

त्यानंतर इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. प्रत्येक मॉनिटर मॉडेलसाठी त्यांचा तयार संच मिळतो. मी सगळे एकदम बदलतो, पण एका वेळी एकच काढतो आणि तोच लावून मग पुढचा. १०५ अंशांचे घ्या. सगळे उपटून मग लावत बसलात तर एखादा उलटा बसतोच.

लक्षणंही वाचायला शिका. पडद्यावर फक्त एक आडवी रेघ उरली असेल तर उभ्या दिशेचं सर्किट बंद आहे. ब्राइटनेस कमी करून मशीन लगेच बंद करा, नाहीतर ती रेघ फॉस्फरवर (पडद्याच्या आतल्या चमकणाऱ्या थरावर) कोरली जाते. चित्राच्या कडा लाटेसारख्या हलत असतील तर फिल्टर कपॅसिटर. फ्यूज लावताच उडत असेल तर आडव्या दिशेचा आउटपुट ट्रान्झिस्टर तपासा. कलेक्टर आणि एमिटर या त्याच्या दोन टोकांमध्ये मीटर दोन्ही बाजूंनी वाजला तर तो शॉर्ट आहे, आणि तो एकटा गेलाय की फ्लायबॅकने (ट्यूबचा उच्च दाब तयार करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) त्याला ओढलाय हेही बघावं लागेल. एखादा रंग नसेल तर बोर्डाकडून येणारी त्या रंगाची तार आणि दुसऱ्या एका रंगाची तार यांची अदलाबदल करा. दोष दुसऱ्या रंगावर गेला तर खोट बोर्डात किंवा वायरीत, होता तिथेच राहिला तर मॉनिटरमध्ये. या एका युक्तीने माझे कित्येक तास वाचले आहेत.

चालू करण्याआधी दोन गोष्टी. वर नावं घेतलेल्या मॉनिटरांसह अनेकांना आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (मॉनिटरला भिंतीच्या विजेपासून वेगळं ठेवणारा) सक्तीचा आहे. बाकावर तपासायचं म्हणून ते थेट भिंतीच्या विजेला जोडलेत तर मॉनिटरही जातो आणि माणूसही जाऊ शकतो. दुसरं, मुख्य व्होल्टेज, ज्याला बी-प्लस म्हणतात, मॅन्युअलप्रमाणे लावा. इलेक्ट्रोहोम जी०७ वर ते १२० व्होल्ट. मानेत नारिंगी उजेड दिसला, पडद्यापुढे हात नेल्यावर केस उभे राहिले, तर अर्धी लढाई जिंकली.

पडद्यावर जुन्या खेळाची सावली कायमची उमटलेली असेल, 'पॅक-मॅन'चा चक्रव्यूह तर हमखास, तर तिला औषध नाही. फॉस्फरच झिजलेला असतो. मी अशी ट्यूब ठेवतो. खेळ चालू असताना ती सावली फारशी जाणवत नाही, आणि चांगली ट्यूब म्हणजे दुसरं मशीन मोडून काढलेली ट्यूब. सपाट एलसीडी बसवणं सोपं आहे, पण हे खेळ ज्या पडद्यासाठी आखले गेले तो हा. ट्यूब जोवर चालते तोवर ती काढू नये असं माझं ठाम मत आहे.

'ॲस्टरॉइड्स' (१९७९) किंवा 'टेम्पेस्ट' (१९८१) असेल तर गोष्ट वेगळी. त्यांचा व्हेक्टर मॉनिटर टीव्हीसारखा ओळीओळीने चित्र विणत नाही, किरण थेट रेषा काढत फिरतो. किरण मधोमध थांबला तर तो ठिपका पडदा जाळतो, म्हणून आत किरण बंद करणारं सर्किट असतं. काहीच दिसत नाही म्हणून ब्राइटनेस वाढवू नका, आधी बोर्डाकडून आडव्या-उभ्या दिशेचे सिग्नल येतात का ते बघा.

बोर्ड

सगळ्यांत आधी बॅटरी शोधा. विल्यम्सच्या 'डिफेंडर'मध्ये स्कोअर आणि सेटिंग जपायला ३ पेन्सिल सेल असतात, इतर काही बोर्डांवर सोल्डर केलेली निकेल-कॅडमियम बॅटरी. दोन्ही गळतात, आणि तो क्षार तांब्याच्या रेघा खात जातो. बॅटरी काढा, हिरवट-पांढरा भाग पांढऱ्या व्हिनेगरने निष्प्रभ करा, डिस्टिल्ड पाण्याने धुवा, मग अल्कोहोल, आणि पूर्ण वाळू द्या. नवे सेल वायर लावून बोर्डापासून दूर ठेवा. याला एक महत्त्वाचा अपवाद: कॅपकॉमचे सीपीएस-२ बोर्ड. त्यांच्यात खेळाचा प्रोग्रॅम सांकेतिक रूपात असतो आणि तो उलगडणारी गुप्त किल्ली बॅटरी जिवंत ठेवते. ती तोडली की खेळ सुरूच होत नाही. आता ती किल्ली पुन्हा भरता येते, पण पद्धत नीट समजून घेतल्याशिवाय त्या बॅटरीला हात लावू नका.

सॉकेटमधल्या चिपचे पाय काळे पडलेले असतात. दोन्ही टोकांनी थोडं थोडं उचलत चिप बाहेर काढा, पाय काचतंतूंच्या पेनाने घासा, परत बसवा. कित्येक 'मेलेले' बोर्ड एवढ्यावर चालू झालेले मी पाहिले आहेत. खिडकी असलेल्या ईप्रॉम (प्रोग्रॅम साठवणाऱ्या) चिपवरचं स्टिकर काढू नका. आतलं लिखाण अतिनील प्रकाशाने पुसलं जातं. प्रोग्रॅमर यंत्रावर प्रत्येक ईप्रॉम वाचून त्याची प्रत जपून ठेवा आणि चेकसम (आतल्या मजकुरावरून निघणारा पडताळणीचा आकडा) मेम या, जुने आर्केड खेळ संगणकावर चालवणाऱ्या प्रकल्पाच्या यादीशी ताडा. १९९७ पासून चालू असलेल्या या प्रकल्पाने हजारो खेळांच्या प्रत्येक चिपची नोंद ठेवली आहे. जुळलं नाही तर चिप बिघडलीय किंवा तुमच्याकडे वेगळी आवृत्ती आहे.

बोर्ड चालू होऊन पडद्यावर कचरा दिसत असेल तर आनंद माना, चित्राचं सर्किट चालतंय. आतला टेस्ट स्विच लावा. बऱ्याच बोर्डांत रॅम आणि रॉमची तपासणी तयार असते आणि दोषी चिपची जागाही ते सांगतात. तसं नसेल तर लॉजिक प्रोब (पिनेवर सिग्नल आहे का ते दाखवणारं हत्यार) घ्या. झेड८० प्रोसेसर असेल तर ६ नंबरच्या पिनेवर क्लॉक धडधडत असला पाहिजे आणि २६ नंबरची रीसेट पिन वर टिकून राहिली पाहिजे. ती ठरावीक अंतराने खाली-वर होत असेल तर प्रोग्रॅम अडकतोय आणि वॉचडॉग (अडकलेला प्रोग्रॅम पुन्हा सुरू करणारं सर्किट) त्याला पुन्हा पुन्हा जागं करतोय. मग रॉम, रॅम आणि त्यांच्यामधल्या बफर चिप या क्रमाने शोधा. २११४ जातीच्या रॅम फार जातात. शेजारच्या चिपपेक्षा एखादी जास्तच तापत असेल तर संशय तिच्यावर.

हाताखालचं

कंट्रोल पॅनेलचं काम सोपं आणि समाधानाचं. जुन्या बटणांखाली लवचिक पट्ट्यांचे लीफ स्विच असतात. त्यांना कानस लावू नका. जाड कागदाची पट्टी अल्कोहोलमध्ये भिजवून पट्ट्यांमध्ये धरा, पट्ट्या हलक्या दाबा आणि कागद ओढा. दोन-तीनदा केलं की कागदावर काळी रेघ उमटायची थांबते. मग अंतर असं लावा की बटण थोडं दबताच संपर्क होईल. मायक्रोस्विच असतील तर ते दुरुस्त करत बसू नका, बदला. जॉयस्टिकच्या रबरी गुठळ्या कडक झाल्या की काठी ढिली किंवा अडखळती वाटते, त्या नव्या टाका. 'पॅक-मॅन' आणि 'डाँकी काँग'ला चार दिशांचीच जॉयस्टिक हवी. आठ दिशांची लावली तर वळणावर तिरपी दिशा जाते आणि खेळाडू स्वतःला दोष देत बसतो. 'सेंटिपीड'च्या ट्रॅकबॉलमध्ये बेअरिंग धुऊन किंवा बदलून, रोलरवरचा मळ काढून, प्रकाश सेन्सरसमोरची धूळ फुंकून टाका. स्पीकर, नाण्याचे स्विच, दिव्यांचे होल्डर यांना नुसती सफाई पुरते.

काचा आणि चित्रं

इथे माझी एक चूक सांगतो, म्हणजे तुमची टळेल. वरची नावाची काच दिव्यासमोर धरली तर मागून धुरकट दिसत होती. मी मागच्या बाजूला काच पुसायचा फवारा मारला आणि फडकं फिरवलं. फडकं निळं झालं. नावाच्या एका अक्षराची कड त्या फडक्यावर उतरली होती आणि काचेतून तिथे आता सरळ उजेड येत होता. ही चित्रं काचेच्या मागच्या बाजूला छापलेली असतात आणि वर्षानुवर्षं दिव्याच्या उष्णतेने रंगाची पकड सुटते. तेव्हा समोरची बाजू बिनधास्त पुसा. मागच्या बाजूला ओला फवारा नको. रंग पक्का असेल तर मऊ ब्रशने धूळ झटका, पापुद्रे सुटत असतील तर पारदर्शक ॲक्रिलिकचा पातळ थर देऊन आहे तिथे थांबवा. आतल्या ट्यूबलाइटच्या जागी एलईडी पट्टी घातली तर उष्णता कमी होऊन रंग जास्त टिकतो. मूळ पट्टी आणि चोक मात्र पिशवीत घालून कॅबिनेटच्या तळाशी ठेवा.

'स्पेस इन्व्हेडर्स'च्या (१९७८) उभ्या मशीनात चित्र कृष्णधवल असतं, रंग पारदर्शक पट्ट्यांमुळे दिसतो, आणि चित्र अर्धपारदर्शक आरशातून चंद्राच्या रंगवलेल्या देखाव्यावर पडल्यासारखं दिसतं. पट्ट्या वाकड्या झाल्या असतील तर त्यांची जागा मोजून, फोटो काढूनच हलवा. आरशाला मऊ ब्रशपलीकडे काही नको.

लाकूड

बाजूंवर कुणी काळा रंग मारला असेल तर तो घासायला घेऊ नका. खाली मूळ चित्र असू शकतं. एका कोपऱ्यात रंग काढणारं सौम्य द्रावण लावून दर मिनिटाला प्लॅस्टिकच्या पट्टीने सरकवून बघा. वरचा रंग मऊ होतो आणि खालचा अजून धरून असतो असा थोडा वेळ मिळतो, तेवढ्यात थांबायचं. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासताना मास्क हवाच.

तळ बहुतेक फुगलेला असतो, कारण फरशी पुसताना दर वेळी थोडं पाणी भुशाच्या बोर्डात मुरलेलं असतं. सुटा भुसा काढा, पूर्ण वाळू द्या, लाकूड कडक करणारं द्रव मुरवा, मग दोन भागांची इपॉक्सी लांबी भरून पॉलिश पेपरने समतल करा. कोपरा पार गेला असेल तर तेवढा तुकडा चौकोनी कापून नवा प्लायवूड गोंदाने आणि खुंट्यांनी सांधा. पायांच्या स्क्रूखालचे ठोकळे तपासा, सगळं वजन त्यांच्यावर आहे.

कडेची टी आकाराची पट्टी मोजून आणा. १९ मिलिमीटर रुंदी नेहमीची, पण सगळीकडे तीच नसते. खाच झिजलेली असेल तर आधी ती इपॉक्सीने भरून पुन्हा कापा. रबरी हातोड्याने ठोकत जा, आणि वळणावर मागच्या जिभेला इंग्रजी व्ही आकाराचे काप द्या म्हणजे पट्टी उचलत नाही.

रंग देताना चकाकी मूळ रंगाशी जुळवा. खेळाडूंच्या मनगटांनी झिजलेली पॅनेलची कड, नाण्याच्या दाराजवळचे ओरखडे मी बहुतेक तसेच ठेवतो. नवी छापील चित्रं केव्हाही चिकटवता येतात; खरवडून टाकलेलं मूळ चित्र परत येत नाही. चित्र निम्म्याहून जास्त गेलं असेल तरच बदलण्याचा विचार करा, आणि आधी त्याचा मापपट्टीसह पूर्ण फोटो घ्या.

जोडणी

सगळं परत बसवताना पुन्हा तोच क्रम: अर्थ, सप्लाय, मॉनिटर, बोर्ड. बोर्डाचा कनेक्टर उलटा बसू नये म्हणून केलेली खाच बघा. ती नसेल तर स्वतः खूण करा. मशीन चालू करून डीगॉस करा (ट्यूबमधलं चुंबकत्व घालवा), मग जाळीचं चित्र लावून रुंदी, उंची आणि तिन्ही रंगांची जुळणी बघा. चार तास चालू ठेवा. गरम झाल्यावर बोर्डावरचे ५ व्होल्ट पुन्हा मोजा, कनेक्टरांना वीज बंद करून बोट लावून बघा. एखादा शेजारच्यांपेक्षा गरम लागला तर ती पिन पुन्हा करा. दुसऱ्या दिवशी थंड मशीन चालू करून तेच सगळं परत, कारण काही दोष फक्त थंड असताना दिसतात.

शेवटी एका कागदावर तारीख, बदललेले भाग, मोजलेली व्होल्टेजं आणि काढून ठेवलेल्या मूळ वस्तू कुठे आहेत ते लिहा, आणि आतल्या भिंतीवरच्या त्या जुन्या पाकिटात नकाशांशेजारी ठेवा. मग मागचं दार लावा.